मोशीहून लोहगांवास

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे भोसरी मागें पडते न पडते तोंच मोशी येते, आणि मोशी संपली कीं इंद्रायणीचा पूल लागतो. पुलापलीकडे चिंबळी, कुरुळी व नंतर चाकण. पश्चिमेस देहू व पूर्वेस आळंदी या दोन क्षेत्रांना जोडणारा रस्ता नाशिकच्या रस्त्यास मोशीपाशींच छेदून जातो. चौकांत उभें राहिलें असतां एका बाजूस तुकोबा, दुसऱ्या बाजूस ज्ञानोबा आणि समोर चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या मालमोटारींची न संपणारी रांग, असें तिहेरी दर्शन घडतें. महाराष्ट्रांत तीर्थक्षेत्रें पुष्कळ आहेत व कारखानेहि थोडे नाहींत; परंतु दोहोंचा असा रोजचा शेजार मला तरी दुसरीकडे आढळला नाहीं.

ज्यांनीं हें गांव तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं पाहिलें असेल त्यांस तें आज ओळखूं येणें कठीण. नागेश्वराचें देऊळ, त्याभोंवतीं घरांची दाटी, आणि घरें संपलीं कीं थेट नदीपर्यंत शेतें, असें त्याचें जुनें रूप होतें. १९९७ सालीं मोशी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आली व तेव्हांपासून शेतांच्या जागीं मजल्यांवर मजले चढूं लागले. रस्त्यालगत प्रदर्शन व संमेलन केंद्राचें विस्तीर्ण आवार आहे. डिसेंबरांत तेथें ‘किसान’ प्रदर्शन भरतें, तेव्हां साऱ्या राज्यांतून शेतकरी लोटतात. शहराचा कचराहि येथेंच येऊन पडतो, आणि २०२३ पासून त्या कचऱ्याची वीज करण्याचा कारखाना येथें चालूं आहे. देव, यंत्रें, धान्य आणि कचरा या चारहि गोष्टींना एकाच गांवानें जागा दिली आहे. आणि चारींपैकीं कोणाचीच तक्रार गांवाच्या तोंडीं फारशी ऐकूं येत नाहीं.

येथील नव्या इमारतींतून राहणारी मंडळी कोठून कोठून आलेलीं आहेत! एका जिन्यावर नागपूरचे, दुसऱ्यावर लातूरचे, तिसऱ्यावर बिहारचे वा ओडिशाचे. सकाळीं चाकणच्या गाड्या यांना घेऊन जातात व रात्रीं आणून सोडतात. ह्यांचीं घरें मोशीस असलीं तरी ह्यांचीं माणसें दूर आहेत. कोणाची आई अमरावतीस, कोणाचे वडील पाटण्यास. मध्यरात्रीं खिशांतील यंत्र वाजतें, आणि पहांटे मनुष्य विमानाच्या वाटेस लागतो. विमानप्रवास ही श्रीमंतांची चैन आहे असें आपण लहानपणीं समजत होतों. येथें तो आजारपणाचा व अंत्यदर्शनाचा प्रवास झाला आहे. म्हणूनच विमानांत मोबाईल चालूं द्यावा कीं नाहीं, हा वरवर चैनीचा दिसणारा प्रश्न मोशीसारख्या गांवीं चैनीचा राहत नाहीं.

विमानतळ या बाजूसच व्हावा असें एके काळीं फार घाटत होतें. चाकण व राजगुरुनगर यांच्या आसपास त्यासाठीं वर्षानुवर्षें जागा पाहणें चाललें. जमिनी जातील म्हणून कांहीं लोक धास्तावले, भाव चढतील म्हणून कांहीं हुरळले. अखेर २०१६ सालीं नव्या विमानतळासाठीं पुरंदर तालुक्याची निवड झाली व ती चर्चा मावळली. तेव्हां मोशीकराला आजहि लोहगांवच गांठावें लागतें. आकाशमार्गें हें अंतर बारा-तेरा किलोमीटरांचें आहे. डुडुळगांव व चऱ्होलीवरून रस्त्यानें जाण्यास किती वेळ लागेल हें मात्र त्या दिवशींची वाहनांची गर्दीच ठरविते.

लोहगांव हें तुकोबांचें आजोळ. देहूहून ते येथें येत, कीर्तनें करीत, आणि लोहगांवकर मोठ्या प्रीतीनें त्यांस ठेवून घेत, असें संतचरित्रें सांगतात. फाल्गुन वद्य द्वितीयेस पुष्पक विमान आलें व तुकोबा सदेह वैकुंठास गेले, ही श्रद्धा या मुलुखांत घरोघर आहे. त्यामुळें ‘विमान’ हा शब्द येथें इंग्रजी राजवटीच्या आधींपासून चांगला परिचयाचा! आतां पुण्याच्या विमानतळास तुकाराम महाराजांचें नांव द्यावें असा निर्णय राज्य शासनानें २०२४ सालीं घेतला, यांत एक प्रकारचें औचित्य आहे.

परंतु लोहगांवचें विमानतळ मुळांत प्रवाशांचें नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तें लष्करी वापरासाठीं उभें राहिलें, आणि आजहि धांवपट्टी वायुदलाची आहे. प्रवासी विमानें तेथें पाहुणीं म्हणून उतरतात. २०२४ च्या मार्चांत नवी इमारत झाली, कांचा चकाकूं लागल्या, तरी यजमान बदलला नाहीं. या गोष्टीचा आपल्या विषयाशीं निकट संबंध आहे. १९३७ च्या विमानविषयक नियमांतच विमानतळावर व उडत्या विमानांतून परवानगीवांचून छायाचित्रें घेण्यास मनाई होती. पुढें प्रवाशांना खिडकींतून चित्र घेण्याची मोकळीक मिळाली, पण संरक्षणदलाच्या विमानतळांना त्यांतून वगळलें. मुंबईस जें हौसेनें चालतें तें लोहगांवास चालत नाहीं. मोबाईल म्हणजे निव्वळ बोलण्याचें यंत्र असतें तर गोष्ट वेगळी. तो कॅमेराहि आहे. आणि पहिल्यांदा विमानांत बसलेल्या माणसाला धांवपट्टीवर उभें असलेलें लढाऊ विमान दिसतांच पहिली ऊर्मि होते ती खिशांत हात घालण्याची.

गेल्या हिवाळ्यांत माझा पुतण्या व मी असे दोघे नागपुरास निघालों होतों. पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत मोटारींच्या विद्युत्-यंत्रणेचें काम पाहतो. त्यामुळें तारा, लहरी, कंपनें यांची त्यास चांगली माहिती. विमानतळाच्या दारांत एक तिशीचा गृहस्थ आपल्या आईस सोडावयास आला होता. नऊवारी लुगडें, गळ्यांत तुळशीची माळ, हातांत कापडी पिशवी. ओघानें कळलें कीं मंडळी मोशीचीच, जुन्या गांवठाणांतलीं. “तुम्ही नागपूरलाच ना? आईकडे जरा लक्ष ठेवा. मामा फार आजारी आहेत. मला रजा मिळाली नाहीं, उद्यां येतों,” असें म्हणून तो घाईनें परतला.

बाईंचा हा पहिलाच विमानप्रवास होता. धाकटा भाऊ तरुणपणीं नोकरीनिमित्त नागपुरास गेला व तेथलाच झाला, एवढें त्यांनीं सांगितलें. आसनें योगायोगानें आमच्या शेजारींच मिळालीं. हातांतील मोबाईल त्यांनीं देवाच्या ताम्हनासारखा दोन्ही हातांनीं धरला होता. त्यावर त्यांना एकच गोष्ट येत होती : वाजला कीं हिरवें चिन्ह सरकवावयाचें. विमानसेविका आली व अदबीनें म्हणाली, “आजी, फोन फ्लाइट मोडवर ठेवा.” बाईंना तें समजलें नाहीं. पुतण्यानें समजावून सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “पोरा, बंद नको करूस. भावाच्या घरून फोन येईल. तो माझ्याशी बोलायचं म्हणतोय.”

नियम तो नियम. फोनाची जोडणी बंद झाली. विमान वर चढलें. बाई डोळे मिटून माळ ओढीत बसल्या, आणि आम्ही काका-पुतणे हलक्या आवाजांत या नियमाविषयीं बोलूं लागलों.

“या नियमांत तथ्य किती रे?” मीं विचारलें. “कीं ज्या काळीं मोबाईल नवा होता, त्या काळचें भय अजून चालूं आहे?”

“दोन्ही आहे, काका,” तो म्हणाला, आणि मग त्यानें जें सांगितलें तें वाचकांसाठीं माझ्या शब्दांत देतों.

विमान धुक्यांत किंवा अंधारांत उतरतें तें जमिनीवरून येणाऱ्या रेडिओलहरींच्या आधारानें. वैमानिकाचें बोलणेंहि लहरींवरच चालतें. मोबाईल ज्या लहरी वापरतो त्या ह्यांहून निराळ्या पट्ट्यांतल्या असतात, म्हणून सरळ टक्कर होत नाहीं. परंतु प्रत्येक यंत्र आपल्या नेमून दिलेल्या लहरींखेरीज कांहीं किरकोळ गळतीहि करीत असतें. शिवाय मोबाईलला मनोरा दूर गेला असें वाटलें म्हणजे तो आपला आवाज चढवितो. उंचावरच्या विमानांत त्यास मनोरा नीट सांपडत नाहीं, आणि तो पुनः पुनः पूर्ण शक्तीनें हांका मारीत राहतो. जुन्या मोबाईलचा फोन येण्याआधीं घरांतल्या रेडिओंत जो ‘टर्र-टर्र’ आवाज उठे, तोच वैमानिकाच्या कानांत उठूं शकतो. एका मोबाईलनें विमान पडत नाहीं; परंतु उतरण्याच्या वेळीं मनोऱ्यावरून आलेला एखादा आंकडा अस्पष्ट ऐकूं आला, तर तेवढेंहि परवडत नाहीं.

मग प्रत्यक्ष अपघात झाले आहेत काय? मोठ्या प्रवासी विमानाचा अपघात मोबाईलमुळेंच झाला असें सिद्ध झालेलें उदाहरण नाहीं. २००३ सालीं न्यूझीलंडमध्यें क्राइस्टचर्चजवळ एक लहान विमान उतरतांना कोसळलें. तेथें खुद्द वैमानिकाचा फोन त्या वेळीं चालूं होता, आणि त्यामुळें उपकरणानें चुकीचें दर्शविलें असण्याची शक्यता तपासणाऱ्यांनीं नमूद केली. शक्यतेपलीकडे ते गेले नाहींत. दुसरें उदाहरण अधिक बोलकें आहे. २०१४ सालीं अमेरिकेच्या विमान-खात्यानें बोइंगच्या १,३०० हून अधिक विमानांतील वैमानिकापुढचे कांहीं दर्शक-पडदे बदलण्याचा हुकूम काढला. कारण चांचणींत वायफायच्या लहरींनीं ते पडदे क्षणभर कोरे पडलेले आढळले. उडत्या विमानांत असें घडलें नव्हतें, पण घडूं शकलें असतें. म्हणजे भय अगदींच काल्पनिक नव्हे.

अमेरिकेंतील बंदीचें मूळ कारण तर निराळेंच होतें. १९९१ सालीं तेथील दळणवळण-आयोगानें आकाशांत मोबाईल वापरण्यास बंदी घातली ती विमानाच्या काळजीनें नव्हे, तर जमिनीवरच्या जाळ्याच्या काळजीनें. जमिनीवरचा फोन दोन-चार मनोऱ्यांनाच दिसतो. आकाशांतील फोन एकदम शेंकडों मनोऱ्यांना दिसतो आणि सर्वांचा गोंधळ उडवितो.

हीं कारणें हळूहळू दुबळीं होत गेलीं. विमानांच्या तारा व उपकरणें अधिक चांगलीं झांकलीं जाऊं लागलीं. २०१३ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेनें फ्लाइट मोडमधील यंत्रें उड्डाण व उतरण यांच्या वेळींहि चालूं ठेवण्यास मोकळीक दिली. २०१४ च्या एप्रिलांत आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें तेंच केलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत युरोपनें तर कंपनीची तयारी असेल तेथें फ्लाइट मोडचीहि अट काढून टाकली. एमिरेट्स कंपनीनें २००८ च्या मार्चांतच विमानांत एक इवलासा मनोरा बसवून आकाशांतून बोलण्याची सोय केली होती. युक्ति साधी आहे : मनोरा जवळच असला म्हणजे फोनाला ओरडावें लागत नाहीं, तो कुजबुजतो; आणि पुढचें बोलणें उपग्रहावरून जातें.

आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरांत विमानांतील व जहाजांवरील दळणवळणाचे नियम निघाले. त्यांनीं तीन हजार मीटरांवर गेल्यानंतर अशा सेवेस मार्ग मोकळा केला. २०२० सालीं वैमानिकाच्या अनुमतीनें प्रवाशांस वायफाय वापरतां येईल अशी दुरुस्ती झाली, आणि २०२५ च्या पहिल्या दिवसापासून एअर इंडियानें देशांतर्गत कांहीं विमानांत ती सोय सुरूहि केली. “म्हणजे काका, नियम आतां आडवा येत नाहीं,” पुतण्या म्हणाला. “या विमानांत तें यंत्रच नाहीं, एवढेंच. देशांतल्या पुष्कळ विमानांत अजून नाहीं.”

“आणि आपल्या पुण्याचें काय? तेथें कांहीं घडलें होतें म्हणतात.”

“तें फोनाचें नव्हे, मनोऱ्यांचें,” तो म्हणाला. २०२२ सालीं देशांत पांचव्या पिढीची मोबाईल-सेवा आली, तेव्हां ज्या थोड्या विमानतळांवर तिचे मनोरे प्रथम उभे राहिले त्यांत पुणें होतें. विमान जमिनीपासून किती उंच आहे हें सांगणारें एक उपकरण याच लहरींच्या शेजारच्या पट्ट्यांत चालतें. म्हणून त्या नोव्हेंबरांत दूरसंचार खात्यानें फर्मावलें कीं धांवपट्टीच्या दोन्ही टोंकांपासून २.१ किलोमीटर व मध्यरेषेपासून ९१० मीटर एवढ्या पट्ट्यांत असे मनोरे उभारूं नयेत. विमानांतील उपकरणांना योग्य गाळण्या बसेपर्यंत ही बंदी राहावी. लोहगांवच्या परिसरांत राहणारे लोक मोबाईल नीट लागत नाहीं म्हणून कुरकुर करीत असतील, तर त्या कुरकुरीच्या दुसऱ्या टोंकाला आकाशांत एक विमान उतरत असतें, हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

एवढ्यांत विमान उतरूं लागल्याची सूचना झाली. चाकें टेकलीं, वेग मंदावला, आणि जागोजाग फोनांचे गुंजारव सुरू झाले. पुतण्यानें बाईंचा फोन पूर्ववत् करून दिला. मिनिटभरांत तो वाजला. त्यांनीं हिरवें चिन्ह सरकविलें व ऐकूं लागल्या. बराच वेळ त्या कांहींच बोलल्या नाहींत. मग एकच शब्द उच्चारला : “कवा?” आणि थोड्या वेळानें, “बरं. आले मी.”

भाऊ अर्ध्या तासापूर्वीं गेला होता. म्हणजे आम्ही आकाशांत असतांनाच. शुद्ध होती तोंवर त्यानें तीनदां सांगितलें होतें, “ताईला फोन लावा.” घरच्यांनीं तीनदां लावला होता. तीनहि वेळां यंत्रानें तोच परक्या आवाजांतला निरोप ऐकविला होता.

बाईंनीं पदरानें डोळे टिपले आणि पुतण्याकडे वळून विचारलें, “वर असताना लागला असता का रं फोन? ह्यांनी बंद करायला लावला नसता तर?”

इतका वेळ एवढें बोललेला मुलगा क्षणभर थांबला. मग म्हणाला, “नाहीं आजी. तितक्या उंचीवर लागतच नाहीं. चालू ठेवला असता तरी लागला नसता.”

बाईंनीं मान हलविली. त्या उत्तरानें त्यांच्या मनावरचें एक ओझें उतरलेलें मला स्पष्ट दिसलें. आपल्या हातून किंवा कोणाच्या सांगण्यावरून कांहीं चुकलें नाहीं, एवढा दिलासा त्यांस पुरेसा होता. पुतण्यानें सांगितलें तें खरेंहि होतें. विमान जमिनीवरून ताशीं सातशें-आठशें किलोमीटर वेगानें दहा किलोमीटर उंचावरून जात असतां खालच्या मनोऱ्यांशीं बोलणें टिकत नाहीं. त्या मनोऱ्यांची तोंडें मुळीं जमिनीकडे वळविलेलीं असतात. बाहेर त्यांचे आप्त न्यावयास आले होते. त्यांच्या हातीं बाईंस सोपवून आम्ही निघालों.

परंतु मोटारींत बसल्यावर पुतण्या म्हणाला, “काका, मीं खरें सांगितलें, पण अर्धेंच. वायफाय असलेलें विमान असतें तर लागला असता.”

हें वाक्य माझ्या मनांतून गेलें नाहीं, आणि या लेखाचें कारणहि तेंच.

आपली आधींची पिढी तारेच्या काळांत वाढली. दारांत तारवाला आला कीं पाकीट फोडण्याआधींच घरांतील बायका रडूं लागत. कारण तार म्हणजे बहुधा मृत्यूची वार्ता. २०१३ च्या जुलैंत तारखातें बंद झालें, आणि वार्तेला लागणारा वेळहि त्याबरोबर नाहींसा झाला. त्या काळीं पुण्याची बहीण नागपुरास पोंचे तोंवर दहावा उलटून गेलेला असे. अखेरचें बोलणें व्हावें अशी अपेक्षाच कोणी करीत नसे. आज अपेक्षा आहे, कारण साधन आहे. साधन आल्यावर तें नसण्याचें दुःख नवें जन्मतें. ‘पूर्वीं कोठें होतें?’ असें म्हणून त्या दुःखाची बोळवण करणें योग्य नव्हे.

उलट बाजूहि तितकीच खरी आहे. विमानांत दीडशें-पावणेदोनशें माणसें गुडघ्यास गुडघा लावून बसलेलीं असतात. आगगाडींत शेजारी मोठ्यानें बोलूं लागला तर दारापाशीं जाऊन उभें राहतां येतें. विमानांत जावयाचें कोठें? आपल्या लोकांची मोबाईलवर बोलण्याची रीत कोणाला ठाऊक नाहीं? नागपुरास बोलावयाचें तर आवाज नागपुरापर्यंत पोंचला पाहिजे, अशा बेतानें आपण बोलतों. आणि आतां तर कानास यंत्र न लावतां चित्रफिती मोठ्यानें वाजविण्याची चाल पडली आहे. रेल्वेला २०२२ सालीं रात्रीं दहानंतर मोठ्यानें बोलूं वा गाणीं वाजवूं नयेत असें बजावावें लागलें. अमेरिकेच्या कायदेमंडळानेंहि २०१८ च्या कायद्यांत विमानांतील मोबाईल-संभाषणास मनाई करण्याची तरतूद केली. लहरींचें भय ओसरूं लागल्यानंतर ती झाली. तिचें कारण शेजारधर्म हें होय.

तेव्हां दोन प्रश्न निराळे केले पाहिजेत. एक यंत्राचा आणि एक माणसाचा. यंत्राच्या प्रश्नाला शास्त्रानें बव्हंशीं उत्तर दिलें आहे : विमानांत योग्य सामग्री असेल तर तीन हजार मीटरांवर गेल्यानंतर संदेशांची देवघेव निर्धोकपणें होऊं शकते. नसेल तर फोन फ्लाइट मोडवर ठेवणें हेंच शहाणपण. उघडा ठेवून लाभ कांहींच नाहीं, बॅटरी मात्र संपते. उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळीं तर मला वाटतें तो हातांतहि नसावा. ती दहा-पंधरा मिनिटें विमानाच्या प्रवासांत सर्वांत जोखमीचीं. त्या वेळीं सेविकेची सूचना कानांत शिरली पाहिजे, आणि धक्का बसला तर हातांतील फोन कोणाच्या कपाळावर जाईल हें सांगवत नाहीं.

माणसाचा प्रश्न अधिक अवघड आहे. मुकाट्यानें लिहून निरोप धाडण्यास कोणाची हरकत असूं नये. पण मोशीच्या त्या बाईंना लिहितां येत नव्हतें; त्यांस एक हिरवें चिन्ह तेवढें येत होतें. लिहिण्याची मुभा व बोलण्याची बंदी, हा नियम तुम्हां-आम्हां शिकलेल्यांच्या सोयीचा आहे. ज्यांची सारी विद्या आवाजांत आहे त्यांना तो बाहेर ठेवतो. म्हणून माझी सूचना अशी : ज्या विमानांत सोय आहे तेथें बोलण्याची सरसकट मोकळीक नसावी, परंतु आजार, अपघात किंवा मृत्यू अशा प्रसंगीं सेविकेस विचारून, विमानाच्या मागच्या टोंकाशीं पडद्याआड उभें राहून दोन मिनिटें बोलतां यावें. ज्याला खरोखर गरज आहे तो विचारील, आणि त्या दोन मिनिटांना कोणीहि सज्जन आक्षेप घेणार नाहीं. सेविकेवर याचा थोडा भार पडेल, आणि खोटें निमित्त सांगणारेहि निघतील. तरीहि हा धोका पत्करण्यासारखा आहे असें मला वाटतें.

पुतण्याला हें पूर्णपणें पटलें नाहीं. त्याचें म्हणणें, एकदां अपवाद केला कीं महिनाभरांत तो रिवाज होतो. त्याच्या म्हणण्यांत अनुभव आहे. पण आपल्याकडे पंगतीचा एक जुना दाखला आहे. शेवटच्या माणसाचें जेवण होईतों कोणी उठत नसे. हा कोणा सरकारचा नियम नव्हता, मोडणाऱ्यास दंडहि नव्हता; तरी तो शेंकडों वर्षें पाळला गेला, कारण घरांतील वडील मंडळी मुलांना तो पंगतींतच शिकवीत. एखाद्याला खरोखरच घाई असली तर तो पंगतीची परवानगी मागून उठे, आणि पंगत ती देत असे. विमान ही सुद्धां एक पंगतच आहे. फक्त वाढपी निराळे. तिचे शिष्टाचार अजून ठरावयाचे आहेत, आणि ते दिल्लीच्या कचेरींतून जितके ठरतील त्याहून अधिक आपल्या घरांतून ठरतील.

म्हणून वाचकांस दोन-तीन घरगुती गोष्टी सांगून लेख पुरा करतों. घरांतील वृद्ध माणूस एकटें विमानानें जाणार असेल, तर आधल्या दिवशीं त्याच्या फोनांत फ्लाइट मोड कसा घालावा व काढावा हें त्याच्याच हातानें चार वेळां करून घ्यावें. पलीकडच्या माणसांस कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत फोन लागणार नाहीं हें स्पष्ट कळवावें. न लागणाऱ्या फोनाची जी धास्ती असते ती निम्मी याच अज्ञानाची असते. फोन किंवा त्याची जादा बॅटरी सामानाच्या पेटींत टाकूं नये, जवळ ठेवावी. आणि फोन आसनाच्या फटींत पडला तर आसन मागें-पुढें न करतां सेविकेस बोलवावें, कारण चेमटलेली बॅटरी पेट घेते. लोहगांवास धांवपट्टीवर असतां कॅमेरा बंद ठेवावा.

आणि आजारी माणसाकडे निघतां निघतां शक्य असेल तर विमानांत पाऊल ठेवण्यापूर्वींच त्याच्याशीं बोलून घ्यावें. पोंचल्यावर सविस्तर बोलूं, असें आपण फार सहज म्हणतों.